बटाट्याच्या पुस्तकातला मासा

मित्रांनो, आधी वास घ्या. येतो ना माशाचा? लाजू नका. इथे येणारे प्रत्येक मूल माझ्यात एकदा नाक खुपसते आणि मग तोंड वेडेवाकडे करते. मला त्याचे काही वाटत नाही. मी एक जुनी कोन्ती आहे. कोन्ती म्हणजे भूर्जाच्या सालीची विणलेली, पाठीवर घ्यायची पिशवी. वर झाकण, मागे दोन खांदेपट्टे. तुमच्याकडे म्हणे पूर्वी भूर्जाच्या सालीवर पोथ्या लिहीत असत. आमच्या फिनलंडमध्ये त्याच सालीत खारवलेले मासे भरत. माझ्या नशिबी दोन्ही आले, आधी मासे आणि मागाहून पुस्तके.

मला तावेत्तीआजोबांनी घडवले. उन्हाळ्याच्या तोंडाशी झाडात रस चढला की भूर्जाची साल अलगद सुटते. ती वेळ चुकली तर खोडाला चिकटून बसते. आजोबांनी वेळ साधली, लांब पट्ट्या सोलल्या आणि सरोवराच्या काठी बसून तिरक्या विणीने मला विणले. तेव्हा त्यांची नजर चांगली होती. काम संपल्यावर त्यांनी मला पाण्यात बुडवून काढले, आत हात फिरवला आणि मुलीला म्हणाले, "बघ, एक थेंब आत गेला नाही." एवढे कौतुक मला पुढे वर्षानुवर्षे पुरले.

मग मी कामाला लागले. काळी, मधोमध भोक असलेली भाकरी, लोणी, मासे, कधी ओले मोजे. जे घालतील ते मी वाहून नेले. रविवारी मी चर्चला जात असे. चर्च सरोवराच्या पलीकडे होते आणि आमच्या किनाऱ्यावरची सगळी घरे मिळून एका लांबलचक नावेतून तिकडे वल्हवत जात. नावेत बसायच्या जागा ठरलेल्या, भांडणेही ठरलेली. मी शिदोरी घेऊन आजोबांच्या पायाशी बसे.

आजोबांची नात ईता. तिचे वडील नदीतून लाकडाचे ओंडके वाहून न्यायच्या कामावर असत, घरी क्वचितच येत. घरात आई, आजोबा आणि ईता. पुढे आजोबांच्या डोळ्यांवर ढग आले. विणकाम गेले, जाळी दुरुस्त करणे गेले. आमच्याकडे हिवाळ्यात दुपारीच अंधार पडतो; ज्याचे डोळे गेले त्याला तो अंधार उन्हाळ्यातही सोडत नाही. आजोबा चुलीपाशी बसून म्हणायचे, "कुणी तरी काही सांगा रे. माझ्याच गोष्टी ऐकून मला कंटाळा आलाय."

आता आमच्याकडची एक रीत सांगते. दर हिवाळ्यात चर्चचे पाळकसाहेब बर्फावरच्या घसरगाडीतून वस्तीवर येत आणि लहानथोर सगळ्यांची वाचनाची परीक्षा घेत. ज्याला वाचता येत नाही त्याचे चर्चमध्ये लग्नसुद्धा लागत नसे. परीक्षेला एका घरी सगळे जमत. चुलीवर कॉफी उकळत असे आणि लोक टेबलाकडे चोरून बघत. कारण जो वाचताना अडखळे, त्याला टेबलाखाली बसवत. वर बाकीचे कॉफी पीत आणि खाली तो बिचारा त्यांचे बूट मोजत बसे.

ईता कधी टेबलाखाली बसली नाही. ती पुस्तक हातात धरी आणि पाण्यासारखी वाहत जाई. अडखळणे नाही, श्वास घेणे नाही. एका वर्षी पाळकसाहेब इतके खूश झाले की सगळ्यांसमोर म्हणाले, "चर्चच्या वाचनालयाचं पुस्तक यापुढे या किनाऱ्यावर ईताच्या हाती यायचं. तिनं ते घरोघर वाचून दाखवायचं."

आईचे डोळे भरून आले. आजोबांनी मांडीवर थाप मारली. खुंटीवरून मला मात्र ईताचा चेहरा दिसत होता. तो आनंदाचा चेहरा नव्हता.

वाचनालय म्हणजे घंटेच्या मनोऱ्याखालची एक खोली आणि तिच्यातली दोन कपाटे. चर्चमध्ये गाणी म्हणायला शिकवणारे आणि मुलांना अक्षरे शिकवणारे तुलांदर गुरुजी ती सांभाळत. बर्फ वितळून नाव सुरू झाल्यावरच्या पहिल्याच रविवारी त्यांनी घाईघाईने एक पुस्तक माझ्यात घातले. "आजोबांना आवडेल हे. पळ, तुमची नाव सुटतेय."

खरे सांगते, मला ते पुस्तक मुळीच आवडले नाही. जड, कोरडे, ना वास ना चव. मला वाटले, माझी माशांची जागा या फळकुटाने बळकावली.

त्या दिवशी संध्याकाळी शेजारपाजारचे सगळे आमच्या घरी जमले. ईताने पुस्तक उघडले, बराच वेळ त्याकडे पाहिले आणि मग सुरू झाली. एका म्हाताऱ्या माशाने म्हणे चर्चची घंटा गिळली होती. त्याला भूक लागली की पाण्याखाली घंटा वाजे आणि लोक मंगळवारीच नटूनथटून चर्चला निघत. पाळक झोपेतून उठून शर्ट उलटा घालून धावत येई. लोक हसून हसून बाकावरून पडायचे राहिले. आजोबा तर डोळे पुसत होते. "आणखी वाच गं," ते म्हणाले, "पुढच्या पानावर काय आहे?" पुढच्या पानावरही मासा होता. त्याच्याही पुढच्या पानावर होता.

मित्रांनो, तुम्ही हुशार आहात, तुमच्या लक्षात आलेच असेल. ईताला वाचता येत नव्हते. घरोघर असलेले प्रार्थनेचे एकच छोटे पुस्तक तिने ऐकून ऐकून पाठ केले होते. परीक्षेतही तेच पुस्तक, मग कळणार कोणाला? पाळकसाहेबांनाही ती घोकंपट्टी वाचनच वाटली. खरे तर आमच्या भागात असे पोपट पुष्कळ होते. फक्त ईताला पोपटपंचीचे बक्षीस मिळाले आणि त्या बक्षिसाने तिला पेचात धरले.

माशाच्या गोष्टी पंधरवडाभर चालल्या. मग पुस्तक शेजारच्या काइसामावशीकडे गेले. काइसामावशी विधवा, अंगाने आडवी आणि जिभेने तिखट. तिला वाचता येत होते, पण बैलगाडीच्या वेगाने. ओळीखाली बोट ठेवून ती एकेक शब्द पुढे ढकलत असे.

पुढच्या रविवारी नाव अगदी सरोवराच्या मध्यावर आली तेव्हा तिने तोंड उघडले.

"ईता, ए ईता! तो घंटा गिळलेला मासा कितव्या पानावर आहे गं?"

ईता उगाच माझ्या झाकणाशी चाळा करू लागली.

"आठवडाभर शोधतेय मी. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत नुसते बटाटे! बटाटे कसे कापावे, बटाटे कसे पुरावे. आणि खत! खतावर तर इतकं लिहिलंय की वाचता वाचता मला शिंका यायला लागल्या."

सगळी नाव खदखदून हसली. "खताखालीच पुरला असेल मासा," कोणीतरी मागून ओरडले, "तू नीट उकरलं नसशील!"

"मग हिलाच उकरू दे," काइसामावशीने पुस्तक पुढे केले. "दाखव की पान. पाळकसाहेबांची लाडकी ना तू?"

ईताने माझे खांदेपट्टे इतके घट्ट धरले की माझी वीण करकरली. नावेतून पळून जाणार कुठे? चारी बाजूंना पाणी. तेवढ्यात आजोबा शांतपणे म्हणाले, "मासे पाण्यात असतात, काइसा. वल्हं मार. नाहीतर प्रवचन संपल्यावर पोहोचू आपण."

लोक पुन्हा हसले, पण या वेळी काइसामावशीला. तिने पुस्तक माझ्यात कोंबले आणि पुटपुटली, "ठीक आहे. गुरुजींनाच विचारते मी."

सबंध प्रार्थनाभर ईता मला मांडीवर घेऊन बसली होती. गुरुजींना समजले की पाळकसाहेबांना समजणार. मग टेबलाखाली बसावे लागले असते, तेही तिने सोसले असते. पण आमच्या किनाऱ्यावर पुस्तक येणे बंद झाले असते. आणि आजोबांचा हिवाळा पुन्हा मुका झाला असता. तिला रडू येत होते ते त्याचे.

प्रार्थना संपली आणि ती मनोऱ्याखालच्या खोलीत गेली. पुस्तक काढून टेबलावर ठेवले. गुरुजींनी ते नाकाशी नेले. "तुमच्या किनाऱ्याचं पुस्तक मी डोळे मिटून ओळखीन. माशाचा वास! काय, आवडलं का आजोबांना?"

"हो" म्हणून मोकळे होता आले असते. दारात काइसामावशी कमरेवर हात ठेवून उभी होती, पण अजून ती काही बोलली नव्हती.

"गुरुजी," ईता म्हणाली, "मला वाचता येत नाही."

गुरुजी हसले. "तुला? अगं, मागच्याच हिवाळ्यात तर..." मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांचे हसू ओसरले. त्यांनी प्रार्थनेचे पुस्तक उघडले आणि पानाच्या मधोमध एका शब्दावर बोट ठेवले. "हे काय आहे?"

पाढ्यातले मधलेच विचारले की आपण पहिल्यापासून म्हणत येतो ना, तशी ईता पानाच्या सुरुवातीपासून पुटपुटू लागली. पुटपुटत पुटपुटत त्या शब्दाला ओलांडून पुढे गेली. कुठे थांबायचे तेच तिला कळेना.

गुरुजी खुर्चीत मटकन बसले. "कधीपासून?"

"पहिल्यापासून. मला टेबलाखाली बसायचं नव्हतं."

मग ती घाईघाईने म्हणाली, "मला काय हवी ती शिक्षा करा, गुरुजी. पण आमच्या किनाऱ्याचं पुस्तक बंद करू नका. आजोबांना दुसरं काहीच नाहीये."

"शिक्षा?" गुरुजी म्हणाले. "खरं तर मलाच टेबलाखाली बसवायला हवं. इतकी वर्षं मी तुझं नुसतं ऐकत राहिलो. तुझे डोळे कुठे फिरतायत ते एकदाही बघितलं नाही. पण पोरी, ज्याला वाचता येत नाही त्याच्या हाती पुस्तक कसं देऊ?"

"का नाही द्यायचं?" दारातून आवाज आला. काइसामावशी आत आली. तिच्या कमरेवरचे हात केव्हाच खाली आले होते. "मी शिकवते तिला. मी काही भराभर वाचत नाही, एका पानाला अख्खी दुपार लागते मला. पण मी जे वाचते ते तिथं असतं तरी."

गुरुजींनी तिच्याकडे पाहिले, ईताकडे पाहिले आणि बटाट्याचे पुस्तक पुन्हा माझ्यात ठेवले. "मग हेच न्या. याचं पहिलं पान वाचता आलं की दुसरं पुस्तक. पाळकसाहेबांना मी सांगतो." ईता वळली तेव्हा ते मागून म्हणाले, "आणि मासा सापडला तर कळव."

तो सबंध उन्हाळा मी काइसामावशीच्या स्वयंपाकघरात काढला. ती पीठ मळता मळता शिकवी. "जीभ पुढे पळाली! बोट बघ कुठे राहिलंय. बोटानं वाच, बाई, जिभेनं नको." ईता रडे, चिडे, पुस्तक माझ्यात आपटे आणि थोड्या वेळाने पुन्हा काढे. पीठ लागून त्या पानांचे कोपरे खरखरीत झाले. घरी आजोबा विचारत, "आज मासा नाही का?" आणि ती म्हणे, "आज डोकं दुखतंय, आजोबा." तिला आता माशाची गोष्ट पुस्तक समोर धरून सांगता येईना. मला तिची फार दया येई. आणि हळूहळू मला त्या जड, कोरड्या पुस्तकाचीही माया लागली.

सरोवराच्या कडेला पहिला बर्फ धरला, तेव्हा एका दुपारी ईता आजोबांसमोर बसली. आई कॉफी ओतत होती. आजोबांच्या हातात रोजचा साखरेचा खडा होता. तो दातात धरून ते कॉफी पीत. साखर महाग होती, घरात एवढेच लाड होत.

"बटा... बटाटा," ईता वाचू लागली, "ला... लाव... लावण्या... पूर्वी..."

"थांब," आजोबा म्हणाले.

आई घाबरून पाहू लागली. ईताचे कान लाल झाले. आजोबांनी चाचपडत तिचा हात शोधला, मूठ उघडली आणि साखरेचा खडा तिच्या तळहातावर ठेवला.

"आजोबा, मी अडखळले."

"म्हणूनच तर. आज पहिल्यांदा अडखळलीस. आजवर तू पाण्यासारखी वाहत होतीस गं. खरं वाचणारा कुठं तरी दगडाला अडकतोच. माझे डोळे गेलेत, कान नाही गेले."

ईता त्यांच्याकडे बघतच राहिली. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं? मग बोलला का नाहीत?"

"मासा आवडला होता मला," आजोबा म्हणाले. "चल, पुढं वाच. बटाटे झाले की मासाही सांग. नुसते बटाटे घशाखाली उतरत नाहीत."

त्या हिवाळ्यात आजोबांनी बटाट्याचे पुस्तक शेवटपर्यंत ऐकले. ज्याला डोळ्यांनी दिसत नव्हते तो माणूस खताबद्दल लोकांना सल्ले देऊ लागला. मग दुसरे पुस्तक आले, तिसरे आले. मासा मात्र रोज जेवणानंतर असायचाच, पुस्तक मिटून.

वाचनाची परीक्षा पुन्हा आली तेव्हा ईताने पाठ केलेले पुस्तक बाजूला सारले आणि पाळकसाहेबांसमोर वाचनालयाचे नवे पुस्तक उघडले. ती अडखळली, थांबली, पुढे गेली, पुन्हा अडखळली. लोकांच्या माना आपोआप टेबलाकडे वळल्या. ईता उठू लागली. एवढ्यात तुलांदर गुरुजी कॉफीचा कप हातात घेऊन वाकले आणि स्वतःच टेबलाखाली जाऊन बसले. "तू वाच," ते खालून म्हणाले, "माझी जागा मला माहीत आहे." पाळकसाहेब आधी गोरेमोरे झाले आणि मग मोठ्याने हसले. त्यानंतर आमच्या किनाऱ्यावर टेबलाखाली फक्त कुत्रा बसला.

पुढे सगळे बदलले. आजोबा गेले. रस्ता झाला, मोटार आली, नावेच्या फळ्या उन्हात फुटल्या. कापडी पिशव्या आल्या आणि मला कोठारात टांगले. एका कोंबडीने माझ्यात अंडी घातली, उंदरांनी एक खांदेपट्टा खाल्ला. अंधारात लोंबकळत मी वर्षे काढली. पडून राहण्यासारखे दुःख नाही, मित्रांनो. मला माशांची आठवण येई आणि आश्चर्य म्हणजे पुस्तकांची त्याहून जास्त येई.

एके दिवशी दार उघडले आणि काठी टेकत एक म्हातारी आत आली. तिने माझ्यात नाक खुपसले. "हीच ती," ती म्हणाली, आणि आवाजावरून मी ईताला ओळखले. चर्चच्या आवारात मुलांसाठी नवे वाचनालय निघाले होते आणि ते तिच्या हाती होते. तिने मला नवा पट्टा लावला आणि मुलांच्या उंचीच्या खुंटीवर टांगले. वाचून झालेली पुस्तके आजही माझ्यात परत टाकतात. माझ्याखाली तिने साखरेच्या खड्यांची एक बरणी ठेवली आणि नियम केला की मोठ्याने वाचताना जो अडखळेल त्याला एक खडा.

ईता आता नाही, पण नियम आहे. दातांच्या डॉक्टरांच्या धाकाने खड्यांच्या जागी मनुके आले, एवढेच. काही लबाड पोरे 'मी' या शब्दालाही अडखळतात. त्यांनाही मनुका मिळतो. पाच-सहा मनुक्यांनंतर गोष्टीत पुढे काय झाले ते कळायची घाई होते आणि ती आपोआप सुधारतात. मागच्या शनिवारी कधीच तोंड न उघडणारी एक मुलगी कोपऱ्यात वाचायला बसली. पहिल्याच शब्दाला अडकली आणि भीतीने इकडेतिकडे पाहू लागली. कोणी हसले नाही. शेजारच्या मुलाने बरणी तिच्याकडे सरकवली, आणि तिने तो शब्द पुन्हा सुरू केला.

म्हणून तुम्हाला एवढेच मागणे आहे. तुमचे धाकटे भावंड वाचताना अडखळले तर शब्द पुरवायची घाई करू नका, आणि हसू तर मुळीच नका. थांबा. ते खरे वाचते आहे. आणि पुस्तक माझ्यात टाकताना हळू टाका, झाकण लावा. मी म्हातारी झाले, पण अजूनही माझ्यात एक थेंब जात नाही.

जाता जाता एक गुपित. बटाट्याचे ते पुस्तक अजून इथल्या कपाटात आहे, पिठाच्या डागांसह. ते कायमचे परत करण्याआधी काइसामावशीने त्यात पेन्सिलीने एक बारीकसा मासा काढला, पोटात घंटा असलेला. गुरुजींना तो सापडला, पण त्यांनी खोडला नाही. खाली फक्त लिहिले, "सापडला." कितव्या पानावर, ते मला विचारू नका. बोट ठेवा आणि पहिल्या पानापासून निघा. अडखळलात तर बरणी शेजारीच आहे.